मागच्या घरी राहिलेला चष्मा

‘चष्मा मागच्या घरी राहिला.’

अमेरिकेतल्या बालन्यायालयाच्या फायलींत ही ओळ इतक्या वेळा येते की ती कुणा एका मुलाची राहतच नाही. या फायली गोपनीय असतात, त्यामुळे नावगाव सांगता येणार नाही, आणि त्याची गरजही नाही. घडतं ते साधारण असं. संध्याकाळी सातला बालकल्याण खात्याची केसवर्कर येते आणि मुलाला एका फॉस्टर घरातून, म्हणजे आई-वडिलांपासून काढलेल्या मुलांना तात्पुरतं सांभाळणाऱ्या घरातून, दुसऱ्या फॉस्टर घरी हलवते. कपडे कचऱ्याच्या काळ्या पिशवीत कोंबलेले असतात, बूट घाईघाईत पायात सरकवलेले, शाळेचं दप्तर मागच्या सीटवर. चष्मा उशीखाली नाहीतर बेसिनच्या कडेला राहून जातो. नव्या शाळेत मुलाला तिसऱ्या बाकावर बसवतात आणि तिथून त्याला फळा दिसत नाही. नव्या शिक्षिकेला तो चष्मा लावायचा हे ठाऊकच नसतं, म्हणून ती लिहिते, ‘वर्गात लक्ष देत नाही.’ सहा आठवड्यांनी ‘लक्ष देत नाही’चं ‘वर्तनाच्या तक्रारी’ होतं. आणखी थोड्या दिवसांनी एखाद्या कागदावर औषधाचा विचार सुरू होतो. त्या कागदांच्या चळतीत चष्म्याची ओळ असते, पण ती सतराव्या पानावर असते आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही.

मला ही ओळ छळते ती यासाठी, की यात दुष्ट असं कुणीच नाही. केसवर्कर त्या दिवशी सकाळपासून चौथ्या घरी आलेली असते. जुन्या घरातल्या बाईंना दुसऱ्या दिवशी चष्मा सापडतो, त्या तो ड्रॉवरमध्ये जपून ठेवतात आणि कुणीतरी मागायला येईल म्हणून वाट बघतात. नव्या घरातल्यांना मूल नाकाजवळ पुस्तक धरताना दिसतं, पण ती त्याची सवय असेल असं त्यांना वाटतं. शिक्षिका, डॉक्टर, वकील, जज, सगळे आपापलं काम नीट करत असतात. मुलाची गोष्ट अशी दहा जणांत वाटली गेलेली असते, आणि ते दहा तुकडे एका ताटात घेऊन बसेल असं कुणी त्या खोलीत नसतं.

वॉशिंग्टन राज्यात, सिॲटल शहर ज्यात येतं त्या किंग काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग), डेव्हिड सूकप नावाच्या न्यायाधीशांना नेमकं हेच सलत होतं. आई-वडिलांकडे जुलूम किंवा हेळसांड झाली म्हणून आलेल्या लहान मुलांचं पुढे काय करायचं, याचा निकाल त्यांना द्यावा लागे. समोर कागद असत ते सरकारी खात्याचे आणि पालकांच्या वकिलांचे. मुलाच्या बाजूने असं काहीच नसे. आपण दिलेला निकाल बरोबर होता का, या विचाराने झोप लागत नाही, असं ते पुढे सांगत. मग त्यांनी गावातल्या काही लोकांना आपापला डबा घेऊन दुपारच्या जेवणाला बोलावलं. चार-पाच जण येतील असा अंदाज होता, आली पन्नासेक माणसं. त्यातून १९७७मध्ये एक पद्धत सुरू झाली. सामान्य माणसांनी प्रशिक्षण घ्यायचं, न्यायाधीशांसमोर शपथ घ्यायची आणि एका मुलाची पूर्ण माहिती काढून थेट कोर्टाला सांगायची. याला ‘कोर्ट अपॉइंटेड स्पेशल ॲडव्होकेट’ म्हणतात, बोलण्यात नुसतं ‘कासा’. काही राज्यांत याच कामाला ‘गार्डियन ॲड लिटम’ असं नाव आहे. ॲडव्होकेट हा शब्द आपल्या कानाला फसवतो. हा माणूस वकील नसतो. मुलाला वकील असलाच तर तो वेगळा. कासा पगार घेत नाही, आणि एका वेळी त्याच्याकडे एकच केस असते, फार तर दोन.

हे एक-दोनच फार मोलाचं आहे. मुलाच्या वकिलाकडे कित्येक ठिकाणी शंभरावर मुलं असतात. केसवर्कर वर्षाच्या आत बदलणं नवं नाही. फॉस्टर घरं बदलतात, शाळा बदलतात, थेरपिस्ट बदलतात. सगळं बदलत असताना एक माणूस तोच राहतो.

या कामाला यायला वय निदान एकवीस लागतं. बोटांचे ठसे, पोलिसी तपासणी, दोन-तीन लोकांची शिफारस आणि एक लांबलचक मुलाखत होते. मुलाखतीत तुमच्या स्वतःच्या लहानपणाबद्दल विचारतात. पुष्कळांना ते खटकतं, पण ते विचारायलाच हवं. जुनी जखम उघडी असलेला माणूस मुलाच्या आईकडे बघताना स्वतःच्याच आईशी भांडत बसतो. मग निदान तीस तासांचं प्रशिक्षण, पुढे दरवर्षी बारा तासांचं, आणि कोर्टात मागच्या बाकावर बसून सुनावण्या बघणं. शपथ घेतली की हातात येतो नेमणुकीचा आदेश. एक-दोन पानांचा, जजची सही आणि कोर्टाचा शिक्का असलेला हा कागद म्हणजे या कामाचा कणा आहे. त्याच्या निदान सहा प्रती काढाव्यात. एक शाळेच्या ऑफिसात, एक दवाखान्याच्या नोंदणी विभागात, एक थेरपिस्टकडे, एक फॉस्टर घरी, आणि दोन कायम पिशवीत. दवाखान्यात फोनवर कुणी काही सांगत नाही, आणि सांगूही नये. आदेशाची प्रत आणि मुलाची जन्मतारीख पाठवायची, कुठल्या तारखांचे कागद हवेत ते लिहायचं आणि आठ दिवसांनी पुन्हा फोन करायचा. पहिल्या खेपेला कागद येत नाहीत हे धरूनच चालावं.

फाइल पहिल्यांदा हातात येते तेव्हा ती तीनशे पानांची असू शकते. नवीन माणूस ती कादंबरीसारखी पहिल्या पानापासून वाचायला घेतो आणि चाळिसाव्या पानावर संतापाने थरथरायला लागतो. अनुभवी माणूस आधी एक कोरा कागद घेऊन रकाने आखतो. तारीख, घर, शाळा, केसवर्कर, कुणी हलवलं, का हलवलं. मग फाइल चाळत तेवढंच भरत जातो. पाऊण तासात समोर येतं की चौदा महिन्यांत पाच घरं झाली, चार शाळा झाल्या, आणि ऑक्टोबर ते जानेवारीमधलं काहीच सापडत नाही. पुढचं सगळं काम त्या रिकाम्या चौकटीपासून सुरू होतं. चष्मा बहुतेक वेळा अशाच चौकटीत सापडतो. जुन्या शाळेच्या नर्सच्या टिपणात असतं, ‘दृष्टी तपासणी झाली, चष्मा दिला’, आणि पुढच्या शाळेपर्यंत ते टिपण पोचलेलंच नसतं.

मग फोन. केसवर्कर, फॉस्टर आई, वकील, शिक्षिका, थेरपिस्ट, आजी. आई-वडिलांशी बोलायचं तर आधी त्यांच्या वकिलाला विचारायचं. ही पायरी गाळली की विश्वास जातो आणि पुढे परत मिळत नाही. प्रत्येकाला शेवटी एक प्रश्न विचारायचा, ‘आणखी कुणाशी बोलू?’ या प्रश्नातून शाळेच्या बसची ड्रायव्हर निघते, चर्चमधली म्हातारी निघते, जुन्या घराशेजारचे काका निघतात. मूल रोज सकाळी कुठल्या मनःस्थितीत गाडीत चढतं हे बसच्या ड्रायव्हरइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

पहिल्या भेटीत केसबद्दल काही विचारायचं नसतं. त्या मुलाने तीच गोष्ट पोलिसांना, डॉक्टरांना, केसवर्करला आणि वकिलाला सांगून झालेली असते. पिशवीत ऊनोचे पत्ते असावेत. पत्ते खेळताना दोघांचे डोळे पत्त्यांवर असतात, एकमेकांकडे बघावं लागत नाही, आणि बोलणं आपोआप बाजूने येतं. मोबाइल बाहेर काढायचा नाही. वही काढली तर मूल गप्प होतं, म्हणून टिपणं नंतर, गाडीत बसून, त्याच दिवशी लिहायची. उद्यावर टाकली की मुलाचे शब्द जातात आणि त्या जागी आपले शब्द येतात. आणखी एक गोष्ट पहिल्याच भेटीत सांगायची, ‘तू मला जे सांगशील ते मी कोर्टाला सांगू शकतो. कुणी तुला इजा केली असेल तर सांगावंच लागेल.’ हे ऐकून काही मुलं तोंड मिटून घेतात. तरीही सांगायचं. गुपित ठेवतो असं म्हणून ते फोडणारा मोठा माणूस त्या मुलाला आधीच भेटून गेलेला असतो. वचन द्यायचं ते पुढच्या भेटीच्या दिवसाचं, आणि तेही पाळता येईल तेवढंच. ‘तू आईकडे जाशील’ हे वाक्य कितीही जिभेवर आलं तरी गिळायचं.

महिन्यातून निदान एकदा प्रत्यक्ष भेट. मूल झोपतं ती जागा बघायची, औषधांची वही बघायची, कपड्यांचं माप बघायचं. बूट दाबून बघावेत. अंगठा पुढे टेकत असेल तर गेल्या चार महिन्यांत कुणी बूट घेतलेले नाहीत. भेटवस्तू, पैसे, स्वतःच्या घरी मुक्काम, हे सगळं निषिद्ध. बऱ्याच ठिकाणी मुलाला आपल्या गाडीतून नेणंही चालत नाही, आणि जिथे चालतं तिथे विम्याचे कागद आणि वाहन परवान्याचा इतिहास द्यावा लागतो. हे नियम नव्या माणसाला कोरडे वाटतात. थंडीत पातळ जॅकेट घातलेलं मूल बघून हात खिशाकडे जातोच. पण जॅकेट तुम्ही विकत दिलंत तर जॅकेटसाठीचा भत्ता कुठे अडकला हे कुणीच शोधणार नाही, आणि तुम्ही नसाल त्या हिवाळ्यात मूल पुन्हा पातळ जॅकेटात असेल. तुमचं काम ती अडलेली जागा शोधायचं आहे. पहिल्या वर्षात मन याला तयार होत नाही.

चष्म्याचंच घ्या. फॉस्टर केअरमधल्या जवळजवळ सगळ्या मुलांना मेडिकेड हा सरकारी आरोग्यविमा असतो, आणि त्यात एकवीस वर्षांखालच्या मुलांना डोळ्यांची तपासणी आणि चष्मा मिळतो, हरवला तर बदलूनही मिळतो. म्हणजे प्रश्न पैशांचा नाही. आधी जुन्या घरी फोन करायचा. तिथून निघताना भांडण झालेलं असेल तर फोन उचलला जात नाही, मग केसवर्करमार्फत विचारायचं. चष्मा ड्रॉवरमध्ये असला तरी तोवर मूल वाढलेलं असतं, त्यामुळे नंबर बदललेला असू शकतो. काउंटी बदलली असेल तर कधी मेडिकेडची योजनाही बदललेली असते आणि जुनं दुकान यादीत नसतं. नव्या यादीतल्या दुकानाची तारीख तीन ते सहा आठवड्यांनंतरची मिळते. सही कुणाची, हा पुढचा प्रश्न. नेहमीच्या तपासणीसाठी काही ठिकाणी फॉस्टर आईची सही चालते, काही ठिकाणी काउंटीची लागते, आणि प्रत्येकाला वाटतं की ती दुसऱ्या कुणाची तरी लागते. तारीख मिळते सकाळी साडेदहाची, आणि फॉस्टर आईकडे आणखी तीन मुलं. चष्मा तयार होऊन दुकानात येतो तेव्हा फोन जातो जुन्या केसवर्करच्या व्हॉइसमेलवर. यातल्या कुठल्याही एका पायरीवर सगळं थांबू शकतं, आणि थांबलं तर कुणाला कळतही नाही. म्हणून ज्यांनी हे दोन-चारदा केलं आहे ते दुकानाला दोन नंबर देतात, तयार झालेल्या चष्म्याची तारीख स्वतःच्या कॅलेंडरवर लिहितात, आणि जमलं तर दुसरा चष्मा मागून शाळेत ठेवायला लावतात.

सुनावणीआधी अहवाल द्यायचा असतो. अर्ज असावा तसा तो साधा असतो. घर, तब्येत, शाळा, आई-वडिलांच्या भेटी, मुलाला स्वतःला काय हवं ते, आणि शेवटी शिफारशी. कासांचं काम चालवणाऱ्या संस्थेतला पर्यवेक्षक तो वाचतो आणि लाल करून परत पाठवतो. लाल शाई बहुतेक विशेषणांवर असते. ‘घर अस्वच्छ होतं’ असं लिहिलं की पर्यवेक्षक विचारतो, काय दिसलं? सिंकमध्ये चार ताटं आणि जमिनीवर सांडलेलं सीरियल दिसलं. मग तेच लिहायचं. अस्वच्छ ठरवायचं की नाही ते जज ठरवतील. ‘आई भेटीला उत्सुक नव्हती’ हेही नको. ‘आई वीस मिनिटं उशिरा आली, दोन बस बदलून आल्याचं म्हणाली, उरलेली चाळीस मिनिटं मुलाच्या केसांच्या वेण्या घालत होती’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला ती आई दिसते. मुलाची इच्छा मात्र त्याच्याच शब्दांत, अवतरणात, आणि ती आपल्या शिफारशीच्या विरुद्ध असली तरी. कासा मुलाच्या हिताचं काय ते सांगतो, आणि हित व इच्छा दर वेळी एक नसतात. दोन्ही शेजारी शेजारी लिहिली तरच न्यायाधीशाला खरं काय ते कळतं.

शिफारशीत काम फसतं ते मोघमपणाने. ‘मुलाच्या डोळ्यांकडे लक्ष द्यावं’ यावर सगळे मान डोलावतात आणि घरी जातात. ‘काउंटीने १४ दिवसांत डोळ्यांची तपासणी करून घ्यावी, ३० दिवसांत चष्मा मुलाच्या हातात द्यावा, आणि पुढच्या सुनावणीत केसवर्करने तसं कळवावं’ असं लिहिलं की जज ते आदेशात जसंच्या तसं उतरवू शकतात. कोण, काय, कधीपर्यंत. अहवाल वेळेच्या एक दिवस उशिरा गेला तर तो वाचलाच जात नाही, कारण जज आदल्या संध्याकाळी फायली वाचून संपवतात.

आणि सुनावणी किती वेळ चालते? कित्येकदा दहा मिनिटं.

कॉरिडॉरमध्ये मात्र तीन-तीन तास. दारावर त्या दिवसाच्या खटल्यांची यादी चिकटवलेली असते. फरशीला फिनेलसारखा वास असतो, व्हेंडिंग मशीन मधूनच गुरगुरतं. लाकडी बाकांवर आया बसलेल्या असतात, कोर्टासाठी म्हणून ठेवणीतले कपडे घालून. एका टोकाला फॉस्टर आई मांडीवर बाळ घेऊन बसलेली, दुसऱ्या टोकाला त्याच बाळाची जन्मदाती. बाळ झोपलेलं असलं तर दोघीही त्याच्याकडेच बघत असतात. मग दार उघडतं, नाव पुकारलं जातं, आणि कित्येकदा आत गेल्यावर कळतं की कुणाचा तरी वकील दुसऱ्या कोर्टात अडकला आहे. पुढची तारीख. मोठ्यांसाठी सहा आठवडे म्हणजे कॅलेंडरचं दीड पान. पाच वर्षांच्या मुलासाठी ते फार लांब असतं.

या तारखांच्या मागे एक घड्याळ चालू असतं. १९९७च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे मूल गेल्या २२ महिन्यांपैकी १५ महिने फॉस्टर केअरमध्ये असेल, तर काही अपवाद सोडता राज्याने आई-वडिलांचे हक्क संपवण्याचा अर्ज करायचा असतो. मुलांनी वर्षानुवर्षं लोंबकळत राहू नये हा हेतू चांगलाच आहे. पण त्या पंधरा महिन्यांत आईने काय काय करायचं ती यादी एकदा बसच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून बघावी. आठवड्याला पालकत्वाचा वर्ग, नशामुक्तीच्या दोन बैठका, फोन आला की त्याच दिवशी लघवीची तपासणी, मुलाची भेट मंगळवारी दुपारी, घर मिळवणं, नोकरी टिकवणं. गोदामातली पाळी सोडून मंगळवारी दुपारी यावं तर नोकरी जाते, न यावं तर ‘भेट चुकवली’ अशी नोंद होते. चांगला कासा हे वेळापत्रक घड्याळासकट अहवालात मांडतो आणि भेट शनिवारी ठेवण्याची शिफारस करतो. कायद्याचा पहिला उद्देश बहुतेक केसमध्ये मूल घरी परत जाणं हाच आहे, हे विसरणं सोपं असतं. मूल समोर असतं, गोड असतं, फॉस्टर घर मोठं असतं, अंगणात झोका असतो.

या कामावर होणारी टीका नेमकी इथली आहे, आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. कासा होणारे बहुसंख्य लोक मध्यमवर्गीय गोऱ्या स्त्रिया आहेत, तर ज्यांची मुलं काढून घेतली जातात त्यांत गरीब आणि कृष्णवर्णीय कुटुंबं त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने जास्त. टेक्सासमधल्या मुलांवरचा एक अभ्यास २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. कासा असलेली मुलं आई-वडिलांकडे परत जाण्याचं किंवा नातेवाइकांकडे कायमची राहण्याचं प्रमाण कमी निघालं, आणि घरी न परतलेल्यांत दत्तक जाण्याचं प्रमाण जास्त. कासाकडे मुळातच अवघड केस दिल्या जातात, असं यावर सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. पण तेवढ्यावर समाधान मानणं मला पटत नाही. ज्याला एकाच मुलाबद्दल सगळं ठाऊक असतं त्याच्या शब्दाला कोर्टात वजन येतं. त्याच्या नजरेत खोट असली तर तिलाही तेवढंच वजन येतं.

कॅलिफोर्नियात, न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये मराठी माणसं भरपूर आहेत. त्यांनी या कामात यावं असं मला फार वाटतं, आणि कारण दयाळूपणाचं नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं रात्री गाद्या घालून ओळीने झोपतात, सकाळी त्याच गाद्यांचा ढीग भिंतीशी लागतो, हे आपल्यातल्या कितीतरी जणांच्या घरी एका पिढीमागे होतं. त्या खोलीत हेळसांड नव्हती. मुलाला स्वतःचा पलंग नाही एवढ्यावरून मावशीचं घर नापास होताना बघून ज्याच्या पोटात गलबलतं, तो माणूस अहवालात वेगळी ओळ लिहील. नातेवाइकांच्या घरांना परक्या फॉस्टर घरांचेच निकष लावायचे नाहीत, वेगळे लावता येतील, अशी मुभा केंद्र सरकारने राज्यांना २०२३मध्ये दिली. तोवर खोल्या मोजता मोजता किती मावश्या गळाल्या असतील. दुसरी बाजूही सांगायला हवी. आपल्याला गुणपत्रिकेचं वेड असतं. चार शाळा बदललेल्या मुलाला गणितात ‘सी’ मिळाला म्हणून शिकवणी सुचवणारा मराठी कासा त्या मुलाची रात्रीची झोप विचारायला विसरू शकतो. शिवाय ‘मुलं मोठ्यांच्या बोलण्यात नकोत’ हा आपला जुना संस्कार. इथे तर मुलाचंच बोलणं न्यायालयापर्यंत न्यायचं असतं.

महाराष्ट्रात याची नेमकी जोडी नाही. बालकल्याण समितीसमोर मुलाला २४ तासांत हजर करतात, अध्यक्ष आणि चार सदस्य ऐकून घेतात, समोर सामाजिक तपासणी अहवाल येतो. पॉक्सोच्या खटल्यांत मुलासोबत सहायक व्यक्ती असणं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३मध्ये बंधनकारक ठरवलं, आणि कोर्टाच्या पायरीवर मुलाचा हात धरणारी ती व्यक्ती या कामाच्या सगळ्यात जवळची आहे. पण एकाच मुलाची वही वर्ष-दोन वर्षं सांभाळणारा, पगार न घेणारा, समितीने नेमलेला शेजारपाजारचा माणूस आपल्या व्यवस्थेत नाही. आपल्याकडे ती जागा मामाची समजली जायची. मामा नसला तर कुणाची, हे कुठे लिहिलेलं नाही.

शाळेचं काम चष्म्याइतकंच किचकट असतं. २०१५च्या केंद्रीय शिक्षण कायद्याप्रमाणे घर बदललं तरी मुलाच्या हिताचं असेल तर जुनी शाळा चालू ठेवायची असते, आणि ने-आण कशी करायची ते शाळा व बालकल्याण खात्याने मिळून ठरवायचं असतं. हे माहीत नसल्यामुळेच कितीतरी शाळा सुटतात. मूल हलवण्याची कुणकुण लागली की त्याच दिवशी विचारायचं, ‘शाळेचं काय ठरलं?’ हायस्कूलमध्ये आणखी एक मेख असते. सत्राच्या मध्यात शाळा सुटली की अर्धवट झालेल्या विषयांचे क्रेडिट, म्हणजे झालेल्या अभ्यासाची मोजदाद, हवेत विरतात, आणि सतराव्या वर्षी कळतं की हायस्कूल पूर्ण व्हायला दीड वर्ष कमी पडतंय. जुन्या शाळेतून अर्धे क्रेडिट लिहून घ्यायचे. कॅलिफोर्नियात कोर्ट कासाला मुलाच्या शिक्षणाविषयी निर्णय घेण्याचे हक्कही देऊ शकतं. मग विशेष शिक्षणाच्या बैठकीत आईच्या रिकाम्या खुर्चीवर तोच बसतो. मेंदूवर परिणाम करणारी औषधं सुरू करण्यासाठी तिथे कोर्टाची परवानगी लागते. तो अर्ज समोर आला की एक साधा प्रश्न विचारावा, ‘याचे डोळे शेवटचे कधी तपासले?’

केस संपते ती एखाद्या मंगळवारी. मूल आईकडे जातं, मावशीकडे जातं, किंवा दत्तक जातं आणि त्याचं आडनाव बदलतं. न्यायाधीश कासाचे आभार मानतात, आदेशाची मुदत संपते, आणि त्याबरोबर फोन करण्याचा, शाळेत जाण्याचा, काहीही विचारण्याचा हक्क संपतो. हे मुलाला आधीपासून सांगत आणायचं असतं, शेवटच्या तीन भेटींत, बोटांवर मोजून. ‘आता दोनदा येईन. आता एकदा.’ निरोप न घेता गेलेली माणसं त्याने पुष्कळ पाहिलेली असतात. टिपणांची वही संस्थेला परत करायची, स्वतःच्या संगणकावरचं पुसून टाकायचं. काहीही जवळ ठेवायचं नाही, फोटोसुद्धा.

त्याआधी एक पान मात्र तयार करायचं, संस्थेच्या परवानगीने, मूल जिथे जाणार त्या घरासाठी. त्यावर मोठं काही नसतं. शेंगदाण्याची ॲलर्जी. रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवावा. लहान बहिणीचा वाढदिवस ९ मार्चला, त्या दिवशी तिला फोन लावून द्यावा. दंतवैद्याची पुढची तारीख. चष्म्याचा नंबर, दोन्ही डोळ्यांचा, आणि दुकानाचा फोन. एक चष्मा वर्गात, शिक्षिकेच्या टेबलाच्या खणात. दुसरा निळ्या डबीत, दप्तराच्या पुढच्या कप्प्यात.